मदत हवी आहे: कॉर्न स्नेकच्या पिल्लाला खाऊ कुठे घालावे, टाकीतच की वेगळ्या डब्यात?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला राहतो. दीड महिन्यापूर्वी एका मित्राची बदली झाली आणि त्याच्याकडचे कॉर्न स्नेकचे पिल्लू माझ्याकडे आले. वय साधारण साडेतीन महिने, लांबी फुटाहून थोडी जास्त, आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन ११ ग्रॅम. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला असून पूर्णपणे बिनविषारी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण शेजारच्या काकूंना ते समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले आहेत. (धामणीसारखा आपल्याकडचा साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, याची मला कल्पना आहे.)

मित्राने जाताना एका चिठ्ठीवर सूचना लिहून दिल्या होत्या. आठवड्यातून एकदा एक पिंकी द्यावी, म्हणजे अंगावर केस न आलेले, गोठवलेले उंदराचे पिल्लू. ते वेगळ्या डब्यात द्यावे. टाकीत दिल्यास सापाला हात चावण्याची सवय लागते. मी ते तंतोतंत पाळले. दर रविवारी संध्याकाळी पिल्लाला उचलून झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचे, चिमट्याने पिंकी द्यायची, गिळून झाली की परत टाकीत सोडायचे. पाच वेळा काहीही अडचण आली नाही.

गेल्या रविवारी दुकानात पिंकी शिल्लक नव्हती, म्हणून दुकानदाराने त्याहून मोठी, अंगावर बारीक लव आलेली फझी दिली. तिचे वजन ४ ग्रॅम भरले. पिल्लाने ती गिळली, पण गिळायला त्याला जवळजवळ पंचवीस मिनिटे लागली. पोटाचा फुगवटा स्पष्ट दिसत असतानाच मी त्याला उचलून टाकीत ठेवले. मंगळवारी सकाळी पाण्याच्या वाटीजवळ ती फझी ओकून टाकलेली दिसली: मागचे पाय अजून ओळखू येत होते, पुढचा भाग विरघळून करडा लगदा झाला होता, आणि वास असा की आईने देवघराचे दार लावून घेतले. पिल्लू तेव्हापासून लपण्याच्या खोक्यातच आहे, पण जीभ बाहेर काढते आणि पाणी प्यायलेले मी पाहिले आहे.

माझा मुख्य प्रश्न जागेचा आहे. उचलून डब्यात नेणे आणि भरल्या पोटी परत आणणे, यामुळेच हे झाले असेल का? टाकीत द्यावे म्हटले, तर तळाला नारळाच्या भुश्याचा दोन इंचांचा थर आहे आणि तो भक्ष्याला चिकटून पोटात जाण्याची भीती वाटते. शिवाय आता पुन्हा खाऊ कधी घालावे? आई रोज विचारते की त्याला उपाशी का ठेवले आहे, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

प्रतिसाद:

सर्वप्रथम, घाबरू नका आणि आज-उद्या काहीही खायला देऊ नका. ओकताना पोटातले आम्लही बाहेर येते आणि अन्ननलिकेचा दाह होतो. लगेच खाऊ घातले तर ते पुन्हा ओकण्याची शक्यता फार मोठी असते, आणि अशा लागोपाठच्या ओकाऱ्यांनीच लहान पिल्ले दगावतात. किमान दहा ते चौदा दिवस फक्त स्वच्छ पाणी ठेवा आणि त्याला अजिबात हाताळू नका. आईंना सांगा की सापाचे उपाशी राहणे आपल्या उपासासारखे नसते.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, ती म्हणजे टाकीचे तापमान. सापाचे अन्न बाहेरच्या उबेवर पचते. पोटात अन्न असताना पिल्लू गार पडले, तर ते अन्न पचण्याऐवजी कुजू लागते आणि साप ते बाहेर टाकतो. जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते, म्हणून विचारतो: तापमापक नेमका कुठे लावला आहे?

धागाकर्ता:

तापमापक काचेला, वरच्या बाजूला चिकटवलेला आहे आणि तो दिवसा २८ दाखवतो. आपण विचारल्यावर सुटी तार असलेला दुसरा तापमापक आणून काल रात्री त्याचे टोक उबदार बाजूच्या जमिनीवर ठेवले. पहाटे पाच वाजता उठून पाहिले तर २२. हीट मॅट टाकीखाली चालू होती, हाताला गरमही लागत होती.

प्रतिसाद:

मग कारण बरेचसे सापडले. दोन इंचांचा भुसा मॅट आणि साप यांच्यामध्ये गोधडीसारखा पसरला आहे. उष्णता खालीच अडकते. उबदार बाजूचा थर अर्ध्या इंचावर आणा, मॅट थर्मोस्टॅटवर घ्या आणि जमिनीचे तापमान ३० अंशांच्या जवळ ठेवा. दुसरी बाजू २३ ते २५ असू द्या, म्हणजे पिल्लू आपल्या सोयीने जागा बदलेल. थर्मोस्टॅट न लावता थर कमी करू नका, कारण उघड्या मॅटने पोटाची त्वचा भाजते.

दुसरे कारण भक्ष्याचा आकार. पिल्लाच्या अंगाचा जो सर्वांत जाड भाग असेल, त्याच्या सव्वा ते दीड पट जाडीपर्यंतचे भक्ष्य चालते. ११ ग्रॅमच्या पिल्लाला दोन-अडीच ग्रॅमची पिंकी पुरेशी आहे. दुकानात नसेल तर आठवडा रिकामा गेलेला परवडतो, फझी परवडत नाही.

आता जागेविषयी. वेगळ्या डब्याची पद्धत जुनी आहे आणि ती सांगणारे चांगल्या हेतूनेच सांगतात, परंतु टाकीत खाल्ल्याने साप चावरा होतो हे मला पटत नाही. साप चावतो तो हाताला उंदराचा वास असल्यामुळे, किंवा झाकण उघडले की दर वेळी खाऊच येतो हे त्याच्या अंगवळणी पडल्यामुळे. त्यावर उपाय सोपा आहे: हात साबणाने धुवावेत, पाणी बदलायला आणि साफसफाईला इतर दिवशीही झाकण उघडावे, आणि उचलण्यापूर्वी कागदाच्या सुरळीने अंगाला हलकेच स्पर्श करावा. याउलट, जेवण झालेल्या पिल्लाला उचलणे हा खरा धोका आहे. खाल्ल्यानंतर ४८ तास त्याला हात लावू नये.

म्हणून टाकीतच द्या. भुश्याची भीती असेल तर उबदार बाजूला एक गुळगुळीत फरशीचा तुकडा किंवा बशी ठेवा. पिंकी सकाळी फ्रीजरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा, संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवा आणि टिश्यूने कोरडी करा, म्हणजे भुसा चिकटणार नाही. मायक्रोवेव्हचा विचारही करू नका. बाहेरून फुटते आणि आतून बर्फ राहतो. दिवे मालवून चिमट्याने, डोके पुढे करून द्या. पिल्लू बुजरे असेल आणि चिमट्याला घाबरत असेल, तर भोक पाडलेला लहानसा डबा पिंकीसह टाकीच्या आतच ठेवून रात्रभर तसाच राहू द्या. डब्याचा आडोसाही मिळतो आणि उचलावेही लागत नाही.

पहिले जेवण मात्र आपल्याकडे मिळेल त्यातली सर्वांत लहान पिंकी. ती पुन्हा ओकली, तर थांबू नका. ताजी विष्ठा घेऊन सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा, कारण मग परजीवींची तपासणी करावी लागते.

धागाकर्ता:

उशिरा कळवतो आहे. थर कमी केला, थर्मोस्टॅट लावला. पहाटेचे तापमान आता २९ ते ३०. मध्यंतरी पिल्लाचे डोळे दुधाळ निळसर झाले, तेव्हा कात टाकेपर्यंत आणखी चार दिवस थांबलो. अखण्ड कात निघाली. ओकल्यापासून सतराव्या दिवशी, रात्री साडेनऊला, दिवा मालवून, जुन्या बशीवर दीड ग्रॅमची पिंकी दिली. चिमट्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही, पण बशीवर ठेवून मी खोलीबाहेर गेलो आणि अर्ध्या तासाने पाहिले तर बशी रिकामी होती. आज चौथा दिवस. पोटाचा फुगवटा उतरला आहे आणि भुश्यात विष्ठा दिसली.

पिंक्यांसाठी आईने फ्रीजरमध्ये जागा दिली आहे, पण झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि मटारच्या पिशवीपासून सर्वांत लांब, या अटीवर.

एक शेवटची शंका. मे महिन्यात येथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर लावूनही दुपारी खोली ३४-३५ अंशांवर असते. तेव्हा मॅट बंदच ठेवायची, हे कळते. पण त्या दिवसांत खाऊ रात्री उशिरा, खोली निवल्यावर द्यावे की दोन जेवणांमधले अंतर वाढवावे? ज्यांनी विदर्भातला उन्हाळा सापासह काढला आहे, त्यांनी कृपया सांगावे.