टेपच्या ऑपरेशननंतर सारखं युरिन इन्फेक्शन, क्रॅनबेरी वगैरेचा उपयोग होतो का?

जाईजुई: खोकलं शिंकलं की लघवी सुटायची म्हणून पाच आठवड्यांपूर्वी टेप टाकायचं (लघवीच्या मार्गाला खालून जाळीच्या पट्टीचा आधार द्यायचं) ऑपरेशन झालं. गळणं एकदम थांबलंय, पण तेव्हापासून दोनदा इन्फेक्शन झालं, दोन्ही वेळा अँटीबायोटिकचा कोर्स, पोट पार बिघडलं. आता तिसऱ्यांदा नको गं बाई. क्रॅनबेरी, डी-मॅनोज (एक प्रकारची साखरच असते ती), गोखरू असं काय काय वाचतेय, कुणी घेतलंय का?

संथवाहते: मी क्रॅनबेरीच्या कॅप्सूल घेतल्या, डॉक्टरांना विचारूनच. 2015 साली अमेरिकेत यावर अभ्यास झालाय, स्त्रीरोगाचं ऑपरेशन होऊन कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लागलेल्या 160 बायकांना 6 आठवडे कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच. खऱ्यावाल्यांत 19 टक्क्यांना इन्फेक्शनचे उपचार लागले, दुसऱ्यांत 38. ई. कोलाय जंतू लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तराला चिकटतात ना, ते चिकटणं क्रॅनबेरी अडवते म्हणतात. पण आधीच झालेलं इन्फेक्शन त्याने बरं होत नाही हं. ज्यूसमध्ये साखर फार, त्यापेक्षा कॅप्सूल बऱ्या. वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असेल किंवा मुतखडे होत असतील तर आधी विचार.

मधलीसुट्टी: डी-मॅनोजवर पैसे घालवू नकोस असं माझं मत. 2024 मध्ये जवळजवळ 600 बायकांवरच्या ट्रायलचा निकाल आला, सारखं इन्फेक्शन होणाऱ्याच होत्या सगळ्या, रोज सहा महिने घेऊन काही फरक नाही. गोखरूने लघवी जास्त होते म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं, पण या ऑपरेशननंतर इन्फेक्शन टळतं असा पुरावा मला तरी कुठे दिसला नाही.

ओंजळभर: जाईजुई, एक विचारू? लघवी पूर्ण होते का तुझी? मला अगदी असंच झालेलं म्हणून विचारतेय. धार बारीक झालेली, थांबत थांबत यायची, उठले की दोन मिनिटांत परत जावंसं वाटायचं, आणि मी आपली ऑपरेशननंतर होत असेल असं म्हणून सोडून दिलं आणि काढ्यांच्या मागे लागले. शेवटी नर्सने लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि लगेच पोटावर स्कॅनर ठेवला तर आत 180 मिली शिल्लक! टेप जरा घट्ट बसली की असं होतं, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढणारच, मग वरून कितीही कॅप्सूल घे. हे आधी तपासून घे, बाकी सगळं नंतर. तोवर घाई न करता बस, झाल्यावर मिनिटभर थांबून थोडं पुढे वाकून परत प्रयत्न कर, मला त्याने बराच फरक पडला. आणि पुढच्या वेळी गोळी सुरू करायच्या आधी लघवीचं कल्चर (जंतू ओळखायची तपासणी) द्यायचं, नाहीतर कुठला जंतू ते कळतच नाही. पाळी गेली असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचंही विचार, त्याने खरंच इन्फेक्शन कमी होतात. ताप, थंडी, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, किंवा लघवीच होत नाही असं झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठ, थांबू नकोस.

जाईजुई: अगं धार बारीकच आहे माझी!! आणि परत परत जावं लागतं तेही खरंय, मला वाटलं इन्फेक्शनमुळेच असेल. दोन्ही वेळा कल्चर केलंच नव्हतं. सकाळी फोन करून स्कॅनचं विचारते, क्रॅनबेरीचंही तेव्हाच विचारेन.