अनुभव धागा : महासाथीच्या काळात आखलेल्या युरोपातल्या सहली

फ्रँकफर्ट (प्रास्ताविक)

युरोपीय महासंघाच्या डिजिटल कोविड प्रमाणपत्राची योजना ३० जून २०२३ रोजी संपली. परवा फोनमधले ते ॲप काढून टाकताना लक्षात आले की, जुलै २०२१ पासून आमच्या घरातली प्रत्येक सहल त्या चौकोनी कोडाची विचारपूस करूनच सुरू होत असे. युरोपात राहणाऱ्या आणि त्या काळात भारतातून येथे आलेल्या मराठी मंडळींनी २०२० ते २०२२ या वर्षांत हौसेच्या प्रवासाची आखणी कशी केली, पैसे कोठे अडकले आणि कोणता नियम ऐन वेळी आडवा आला, हे येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. आजारपणासाठी किंवा अंत्यविधीसाठी केलेल्या प्रवासांचे अनुभव याहून फार वेगळे आहेत आणि त्यांना या धाग्यात ओढणे मला योग्य वाटत नाही. येथे प्रश्न फक्त हौसेचा आहे.

सुरुवात मी करतो. ईस्टर २०२० साठी आम्ही सिसिलीची सहल विमान, हॉटेल आणि गाडी अशा एकत्रित स्वरूपात जानेवारीतच घेतली होती. १७ मार्चला जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने साऱ्या जगासाठी प्रवास-इशारा दिला आणि सहल रद्द झाली, याचे दुःख नव्हते. अशा एकत्रित सहलीचे पैसे १४ दिवसांत परत मिळावेत असा युरोपीय नियम आहे. आमच्या सहल कंपनीने मात्र पैशांऐवजी व्हाउचर पाठवले आणि ते नाकारण्याचा पर्याय पत्रात कोठेही लिहिला नव्हता. मे महिन्यात युरोपीय आयोगाने व्हाउचर घेणे ग्राहकाच्या इच्छेवर असावे असे स्पष्ट केल्यानंतर मी त्याचा आधार घेऊन तीन पत्रे लिहिली, तेव्हा कोठे नोव्हेंबरमध्ये पैसे आले. त्यानंतर मी एकत्रित सहलींचा राग धरला नाही, उलट त्याच घेऊ लागलो, कारण सुटे विमान आणि सुटे हॉटेल घेतलेल्या मित्राचे विमान उडाले, देशात जाण्याला बंदी नव्हती, पण गावातले सगळे बंद होते, आणि त्याला हॉटेलचा एक सेंटही परत मिळाला नाही.

लंडन

आमची गोष्ट २५ जुलै २०२० च्या शनिवारची आहे. मालागाजवळच्या एका गावात आम्ही तीन दिवसांपूर्वीच पोहोचलो होतो. संध्याकाळी बातमी आली की, स्पेनहून ब्रिटनमध्ये परतणाऱ्या प्रत्येकाला त्याच मध्यरात्रीपासून १४ दिवस घरात विलगीकरणात राहावे लागेल. विमान बदलूनही मध्यरात्रीपूर्वी पोहोचणे शक्य नव्हते. माझे काम लॅपटॉपवरचे असल्यामुळे माझे काही अडले नसते. यजमानांची नोकरी मात्र गोदामातली आहे, तेथे घरून काम ही कल्पनाच नाही, आणि त्या १४ दिवसांचा पगार गेला तो गेलाच. आम्ही स्पेनचे सगळे नियम पाठ करून गेलो होतो. आपल्याच घराच्या दाराशी नियम बदलेल, हे मनातही आले नव्हते.

त्यामुळे २०२१ मध्ये मी एक वही केली आणि तीत उलट्या क्रमाने लिहायला सुरुवात केली. आधी परतल्यावर काय करावे लागेल ते, मग परतीच्या विमानाआधी काय लागेल ते, आणि सर्वांत शेवटी कोठे जायचे ते. १७ मे पासून ब्रिटनमध्ये परतल्यावरच्या अटींनुसार देशांची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी लागू झाली तेव्हा हिरव्या यादीत आपल्याला जाण्याजोगा उन्हाचा देश एकच दिसला, तो म्हणजे पोर्तुगाल. शाळेची मे अखेरची आठवड्याची सुट्टी धरून आम्ही लागोशला गेलो. परतीचा दिवस शनिवार, ५ जून ठेवला आणि यजमानांनी त्या पुढचा आठवडाही मोकळा ठेवून घेतला. गुरुवारी, ३ जूनला, किनाऱ्यावर बसलेल्या साऱ्या इंग्रज कुटुंबांचे फोन जवळपास एकाच वेळी वाजू लागले. पोर्तुगाल मंगळवारी, ८ जूनला पहाटे ४ वाजता पिवळ्या यादीत जाणार होता. त्या क्षणानंतर उतरणाऱ्यांना १० दिवस घरी बसणे आणि दुसऱ्या व आठव्या दिवशी चाचणी करणे भाग होते. शेजारच्या छत्रीखालचे गृहस्थ तेथेच उभे राहून दुप्पट पैशांत तिकिटे बदलत होते. आम्ही निवांतपणे सार्डिन खात बसलो, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे थोडे समाधानही वाटले, जे वाटायला नको होते.

एक गोष्ट तेव्हा कोणी सांगितली नव्हती. परतीचा प्रवासी अर्ज भरताना दुसऱ्या दिवसाच्या चाचणीचा आरक्षण क्रमांक त्यात लिहावा लागत असे. म्हणजे चाचणी आधी विकत घेतल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नसे, आणि अर्जाशिवाय विमानात चढू देत नसत. आम्हा चौघांच्या चाचण्यांचा एकूण खर्च विमानाच्या तिकिटांपेक्षा जास्त झाला.

कोपनहेगन

आइसलँडला आठ दिवस जायचे, असे ऑगस्ट २०२० अखेरीस ठरले होते. १९ ऑगस्टपासून तेथे उतरल्यावर एक चाचणी, मग पाच दिवस विलगीकरण आणि पुन्हा एक चाचणी असा नियम आला. आठातून पाच वजा केले. डेन्मार्कच्याच बोर्नहोम बेटावर गेलो, धुरावलेले हेरिंग मासे खाल्ले आणि परत आलो. याहून सांगण्यासारखे काही नाही.

म्युनिक

लंडनच्या ताईंची वही वाचून हसू आले, कारण आमच्याकडेही तीच युक्ती होती, फक्त तिचे कारण मुले होती. आम्ही दोघेही २०२१ च्या जूनपर्यंत लस घेतलेले होतो, पण मुले नऊ आणि सहा वर्षांची, म्हणजे लशीच्या वयाखालची. ऑगस्टपासून जर्मनीत असा नियम होता की, जास्त धोक्याच्या प्रदेशातून परतल्यास लस घेतलेल्यांना विलगीकरण नाही; बारा वर्षांखालच्या मुलांनी मात्र पाच दिवस घरात राहायचे आणि मग ते विलगीकरण चाचणीविना आपोआप संपायचे. जुलैच्या अखेरीस स्पेन आणि नेदरलँड्स शुक्रवारी जाहीर होऊन मंगळवारपासून अशा यादीत गेले होते, त्यामुळे शुक्रवारची दुपार हा आमच्या मित्रमंडळींत एक प्रकारचा निकालाचा दिवस झाला होता.

बव्हेरियात शाळा १४ सप्टेंबरला सुरू होणार होती. आम्ही ग्रीसमधले क्रीट बेट निवडले आणि परतीची तारीख ७ सप्टेंबर धरली. यादी बदलली तरी पाच दिवस घरी काढून मुले पहिल्या दिवशी वर्गात असतील, एवढाच हिशेब होता. स्वस्त विमान ११ तारखेचे होते. ते जाणूनबुजून सोडले.

खरे घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. लशीची नोंद आमच्या पिवळ्या पुस्तिकेत होती आणि १४ जूनपासून औषधांच्या दुकानांत त्यावरून डिजिटल प्रमाणपत्र मिळू लागले होते. माझ्या पारपत्रावर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून आहे, तर दुकानातल्या बाईंनी ते लांब वाटल्यामुळे गाळले. पत्नीच्या पारपत्रावर अजून माहेरचे आडनाव आहे आणि तिच्या प्रमाणपत्रावर सासरचे आले, कारण घराच्या पाटीवर तेच आहे. प्रमाणपत्र ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते हे वाचल्यावर आम्ही पुन्हा दुकानात गेलो आणि पारपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर लिहवून घेतले. ग्रीसचा प्रवासी अर्ज आदल्या रात्री ११.५९ पर्यंत भरायचा होता आणि साऱ्या कुटुंबाचा मिळून एकच होता. त्यातही हीच काळजी घेतली. भारतीय नावे असलेल्यांनी हा एक तास राखून ठेवावा, असे मी तेव्हा प्रत्येकाला सांगत असे.

मिलान

आमच्याकडे गोष्ट फार आधी सुरू झाली. ८ मार्च २०२० ला लोम्बार्डी, म्हणजे मिलानचा प्रांत, बंद झाला आणि त्यानंतरचे दोन महिने घराबाहेर रुग्णवाहिकांखेरीज फारसा आवाज नव्हता. ३ जूनला इटलीतल्या प्रांतांमधला प्रवास पुन्हा खुला झाला, त्याच दिवशी फ्लोरेन्सचे उफिझी संग्रहालयही उघडले. जूनच्या मध्यात आम्ही रेल्वेने तेथे गेलो. एक सोडून एक आसन रिकामे ठेवलेले होते. बोत्तिचेल्लीच्या चित्रांच्या दालनात, जेथे एरवी डोक्यांच्या वरून चित्र पाहावे लागते, तेथे आम्हा दोघांखेरीज आणखी चार माणसे असतील.

त्या रिकामेपणाचे कौतुक मी अनेकांकडून ऐकले आहे, पण मला त्यात मोकळेपणाने रमता आले नाही. मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाईंनी आम्ही मिलानहून आलो हे ऐकल्यावर नकळत एक पाऊल मागे घेतले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दाराशी जर्दाळूंची पिशवी ठेवली. आखणीच्या दृष्टीने सांगायचे तर, त्या उन्हाळ्यात आम्ही रेल्वेने तीन तासांत घरी परतता येईल एवढ्याच अंतरावर गेलो आणि विमानाचे तिकीट एकदाही काढले नाही.

आइंडहोव्हन

प्रास्ताविकात आजारपणाचा विषय बाजूला ठेवायला सांगितले आहे, ते मी पाळतो, पण हौसेच्या आखणीतही तो येतोच. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागातले एक घर आम्ही जुलैसाठी घेतले होते. एप्रिलच्या अखेरीस नाशिकला सासूबाई रुग्णालयात होत्या, मेहुणा प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्रभर फिरत होता, आणि २६ एप्रिलपासून नेदरलँड्सने भारतातून येणारी प्रवासी विमाने थांबवल्यामुळे पत्नीला जावे तर परत कसे यावे हे कळत नव्हते. सासूबाई बऱ्या झाल्या. त्यानंतर आमच्या घरात जुलैच्या सहलीबद्दल कोणी बोलेना. आरक्षण रद्द करण्याची मुदत जवळ आली तेव्हा सासूबाईंनीच फोनवर विचारले, "मुलांच्या सुट्टीचे काय केलेत?"

आम्ही गेलो. २१ जुलैपासून फ्रान्समध्ये संग्रहालयांसाठी आरोग्य-पास लागू झाला आणि ९ ऑगस्टपासून उपाहारगृहे व लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीही. आम्ही त्या दोन तारखांच्या मध्येच परतलो, त्यामुळे अडचण आली नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एकही छायाचित्र टाकले नाही. ती छायाचित्रे अजूनही आमच्याकडेच आहेत.

पुणे

आम्ही दोघे निवृत्त आहोत. २०१९ मध्ये काढलेला अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा शिल्लक होता आणि २६ जून २०२१ पासून स्वित्झर्लंडने कोव्हिशील्डच्या दोन मात्रा घेतलेल्या भारतीयांना प्रवेश द्यायला सुरुवात केली, तेव्हा वापरला नाही तर वाया जाईल हा अस्सल पुणेरी विचार आमच्या मनात आला. त्या वेळी भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती आणि दोन देशांनी आपसांत केलेल्या एअर बबल करारांतली मोजकीच विमाने उडत होती, म्हणून विमान ज्या तारखेला मिळाले त्या तारखेला सहल ठरली. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मिळाला.

येथे दोन गोष्टी आमच्या हिशेबातून निसटल्या. पहिली अशी की, १३ सप्टेंबरपासून तेथे उपाहारगृहाच्या आत बसायला प्रमाणपत्र लागू लागले आणि आमच्या कोविन प्रमाणपत्रावरचा कोड वेटरच्या फोनला वाचता येईना. देशात यायला जो कागद चालला, तो सूप प्यायला चालला नाही. बाहेरच्या टेबलांना ही अट नव्हती, त्यामुळे झेरमाटमध्ये आम्ही स्वेटरवर जाकीट, त्यावर शाल अशा थाटात मॅटरहॉर्नकडे पाहत जेवलो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, आत बसलो असतो तर डोंगर दिसला नसता.

दुसरी गोष्ट परतीची. भारतात येण्यासाठी निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतला आरटी-पीसीआर अहवाल एअर सुविधा या संकेतस्थळावर चढवावा लागत असे. आम्ही शेवटचे तीन दिवस इंटरलाकेनला ठेवले होते आणि वेळेत अहवाल मिळण्याची खात्री झुरिक विमानतळावरच्या केंद्रातच वाटली. त्यामुळे एक मुक्काम सोडून देऊन दोन दिवस आधीच झुरिकला यावे लागले. अहवाल सकारात्मक आला असता तर कोठे राहायचे, याचा विचार आम्ही पुण्यात केला नव्हता. तो चाचणीच्या रांगेत केला. विम्याची पुस्तिका तेव्हा पहिल्यांदा उघडली. तिच्यात उपचारांचा खर्च होता, पण विलगीकरणातल्या हॉटेलचा नव्हता. अहवाल नकारात्मक आला.

फ्रँकफर्ट

पुण्याच्या काकांनी लिहिलेला विम्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा जो विमा काढावा लागतो, तो आजारपणासाठी असतो. नियम बदलल्यामुळे सहल बुडाली तर त्यातून काही मिळेलच असे नाही. माझ्या स्वतःच्या सहल-रद्द विम्यात तर २०२१ च्या नूतनीकरणात महासाथ हे कारणच वगळलेले होते, आणि ते मला हप्ता भरल्यानंतर कळले.

स्टुटगार्ट

व्हिएन्नाचे नाताळ बाजार पाहायला नोव्हेंबर २०२१ च्या शेवटच्या शनिवार-रविवारची बस आणि खोली घेतली होती. १९ तारखेच्या शुक्रवारी ऑस्ट्रियाने सोमवारपासून देशभर टाळेबंदी जाहीर केली. खोलीचे पैसे त्याच संध्याकाळी परत आले, कारण लंडनच्या ताईंइतकी शिस्त नसली तरी रद्द करता येणारी खोली घेण्याएवढे शहाणपण तोवर आले होते. बसचे मात्र व्हाउचर मिळाले, एका वर्षाच्या मुदतीचे. पुढच्या वर्षी मुदत संपायला नऊ दिवस असताना ते वापरले. तिकीट चार युरोंनी महागले होते.