मदत हवी आहे: पहिली प्रोग्रेसिव्ह प्रेस कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

चार वर्षं सिंगल स्टेज प्रेसवर, म्हणजे हँडलच्या एका ओढीत एकच काम करणाऱ्या यंत्रावर, झाडलेली काडतुसं पुन्हा भरतोय. फक्त .३८ स्पेशल आणि ९ एमएम. परवाने रीतसर आहेत, त्यामुळे ती चर्चा नको. अडचण वेळेची आहे. तासाला जेमतेम ५० होतात आणि रेंजवर ती बघता बघता संपतात. म्हणून प्रोग्रेसिव्ह हवी: तिच्यात पुंगळ्या (काडतुसाची रिकामी कवचं) फिरत्या प्लेटवरून एकेका स्टेशनाखाली जातात आणि एका ओढीत सगळ्या स्टेशनांवरची कामं एकदम होतात.

डिलन कंपनीची ५५० की ७५०, यात अडकलोय. ५५० ला चार स्टेशनं, प्लेट हाताने फिरवायची. ७५० ला पाच, प्लेट आपोआप फिरते. हॉर्नडीची लॉक-एन-लोड एपीसुद्धा तशीच. ली कंपनीची प्रो १००० स्वस्त, पण तीनच स्टेशनं, म्हणून बाजूला ठेवली.

पण खरी धास्ती वेगळीच. मध्यंतरी पुंगळ्यांत बंदुकीची दारू भरताना फोन आला, उठलो, आणि परत येऊन तीच पुंगळी पुन्हा मापाखाली धरली. भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने बघायची सवय आहे, म्हणून सापडली. .३८ ची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या जमान्यातली, ऐसपैस. जलद जळणाऱ्या दारूचं दुप्पट माप आत गपचूप मावतं, कणही सांडत नाही. ५५० वर प्लेट फिरवायची राहिली आणि हँडल पुन्हा ओढलं, तर हेच होणार ना?

प्रतिसाद:
होणार. पण आपोआप फिरणारीवरही गाफील राहू नका. हँडल मध्येच अडकलं आणि तुम्ही मागेपुढे करत बसलात की तिथेही घोळ होतो. अशा वेळी प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून रिकाम्या करायच्या, अंदाज बांधायचा नाही.

तुमच्यासाठी ७५०. पाचव्या स्टेशनामुळे पावडर चेक, म्हणजे पुंगळीतली दारू तपासणारं उपकरण, बसवता येतो. दारू दुप्पट पडली किंवा पडलीच नाही, तर तो ओरडतो. न पडलेलीही तितकीच वाईट: नुसत्या प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटू शकते. तरी वर दिवा लावा, गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकवा. टॉर्चची सवय मोडू नका.

सुरुवातीला प्लेटवर एका वेळी एकच पुंगळी फिरवा.

धागाकर्ता:
आभार. दोन्ही कॅलिबरना स्मॉल पिस्टल प्रायमरच लागतो, म्हणजे तो भाग बदलावा लागणार नाही. टूलहेड (डाय, म्हणजे प्रत्येक स्टेशनावरचे साचे, बसवायचा वरचा भाग) मात्र दोन घ्यावेत की एकावरच डाय बदलत बसावं?

प्रतिसाद:
दोन घ्या. एकदा जुळवलेल्या डायला पुन्हा हात लावायचा नाही.