मुंबई कायदेमंडळात चर्चेविना संमत झालेली विधेयके कशी वाचावीत?

नौपाड्याचा वाचक (प्रश्न)

ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची. तिला अधिकार देणारे कायदे मुंबईच्या कायदेमंडळात कसे घडत गेले, यावर आमच्या वाचक मंडळासाठी एक टिपण लिहावे म्हणून मी सध्या त्या मंडळाच्या १८७० ते १९०० या काळातील इतिवृत्तांचे खंड वाचत आहे. मनात अपेक्षा होती ती वादविवादांची. प्रत्यक्षात पानेच्या पाने एकाच साच्यातली निघाली. कोणी अधिकारी सदस्य उठतो, विधेयकाचे प्रथम वाचन व्हावे असा प्रस्ताव मांडतो, हेतू व कारणे चार ओळींत सांगतो आणि प्रस्ताव संमत होतो. मग विधेयक प्रवर समितीकडे (ते तपासणाऱ्या निवडक सदस्यांच्या समितीकडे) जाते, परत येते, दुसरे वाचन, तिसरे वाचन, संपले. काही वेळा तर अध्यक्षस्थानी असलेले गव्हर्नर नियम तहकूब करतात आणि तिन्ही वाचने एका बैठकीत उरकतात. विषयही तसेच, म्हणजे एखाद्या कलमातील दोन शब्द बदलणे, एखादा जुना कायदा नव्या तालुक्याला लागू करणे किंवा शुल्काची दुरुस्ती.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सभागृहातील ही शांतता म्हणजे संमती समजावी काय? आणि ठाणे जिल्ह्यातील ज्या माणसांवर हे कायदे चालले, त्यांचे म्हणणे या कागदांत कोठे सापडेल?

वाशीचा निवृत्त कारकून

माझी नोकरी विधेयकांचे मसुदे तपासण्यात गेली, त्यामुळे आपल्याला कंटाळवाणी वाटलेली पाने मला ओळखीची वाटतात. आधी त्या मंडळाची घडण पाहावी, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यातच आहे.

१८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रास या इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला होता. तो १८६१ च्या कायद्याने परत मिळाला आणि २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये नव्या मंडळाची पहिली बैठक भरली. गव्हर्नर, त्यांचे कार्यकारी मंडळ, ॲडव्होकेट जनरल आणि कायद्याच्या कामापुरते नेमलेले किमान चार व कमाल आठ अतिरिक्त सदस्य, एवढाच हा संसार होता. या अतिरिक्त सदस्यांपैकी निम्मे तरी बिनसरकारी असावेत असा नियम होता. तरीही कार्यकारी मंडळ जमेस धरले की सरकारी बाजू सहसा जड राहत असे, आणि बिनसरकारी मंडळींतही काही युरोपीय व्यापारी असत. निवडणूक हा प्रकारच नव्हता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, समोर असलेल्या विधेयकाखेरीज दुसऱ्या कशावरही बोलण्याची या मंडळाला मुभा नव्हती. सरकारला प्रश्न विचारता येत नसत आणि अंदाजपत्रकावर चर्चा करता येत नसे. या दोन सवलती १८९२ च्या कायद्याने मिळाल्या, त्याही मतदानाच्या अधिकाराशिवाय. महसुलाला हात लावणारे विधेयक मांडायचे झाले, तर सदस्याला गव्हर्नरांची पूर्वसंमती घ्यावी लागे. जकात, चलन, टपाल, दंडसंहिता यांसारख्या विषयांसाठी गव्हर्नर जनरलची पूर्वमंजुरी लागे. मंडळाने संमत केल्यावर आधी गव्हर्नरांची आणि नंतर गव्हर्नर जनरलची अनुमती मिळाल्याशिवाय कायदा होत नसे, आणि इतके होऊनही लंडनहून तो रद्द होऊ शकत असे.

तात्पर्य, सभागृहात विधेयक येईपर्यंत बहुतेक प्रश्न मुंबईचे सचिवालय आणि कलकत्त्याचे गव्हर्नर जनरलचे सरकार यांच्या पत्रव्यवहारात मिटलेले असत. शांततेचा अर्थ तिथे शोधू नये. प्रवर समितीचा अहवाल आणि त्याला जोडलेली भिन्नमतपत्रिका असली, तर ती आधी वाचावी. मूळ मसुदा व समितीने सुधारलेला मसुदा शेजारी ठेवून कलमे ताडून पाहावीत. एखादे परंतुक, म्हणजे 'मात्र' म्हणून जोडलेली अट किंवा अपवाद, मध्येच उगवलेले दिसते, त्या ठिकाणी कोणीतरी भांडलेले असते.

शहापूरकर

वरील उत्तर मंडळाच्या बाजूने बरोबर आहे. माझा रस आपल्या दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि त्यासाठी १८९२ चा मोहवा कायदा घ्यावा. तो ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांसाठीच केलेला होता. बाहेरून पाहिले तर अगदी किरकोळ कायदा, विषय काय तर झाडाची फुले.

पार्श्वभूमी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याची आहे. त्यापूर्वी गावोगावी लहान भट्ट्या चालत. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या धोरणाने दारू गाळण्याचे काम मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे आले, आणि आमच्या बाजूला त्याचे ठिकाण म्हणजे उरण. तेथील भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि तेथे लागणारी मोहफुले पंचमहालाकडून येत. ती दारू कर भरून विकली जाई. पण शहापूर, मुरबाडच्या रानात मोहाची झाडे भरपूर, चैत्राच्या सुमारास पहाटे फुले खाली पडणार आणि कातकरी, ठाकूर, वारली ती वेचणार. त्यातून घरी गाळलेली दारू सरकारला एक पैही देत नव्हती. म्हणून फुले बाळगण्यावर आणि विकण्यावरच नियंत्रण आले. पंचमहालचे फूल उरणात वैध, आणि दारातल्या झाडाचे फूल टोपलीत दिसले की संशयास्पद, असा हा न्याय होता.

आता हे लक्षात घ्यावे की वाळवलेली मोहफुले हे पावसाळ्याच्या तोंडाशी, धान्य संपत आलेले असताना, पोटाला आधार देणारे अन्न होते. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, गुरांनाही घालतात. टोपली घेऊन रानात जाणारी बाई ना मतदार होती, ना कोणी तिचे नाव घेऊन सभागृहात बोलणारा होता. तिचे म्हणणे इतिवृत्तात सापडणार नाही. ते सापडलेच तर अबकारी खात्याच्या वार्षिक अहवालांत सापडेल. तेथे ती तक्रारदार म्हणून भेटत नाही, पकडलेल्या गुन्ह्यांच्या तक्त्यात एक आकडा म्हणून भेटते. माझ्या मते जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याने अशा कायद्यांपासून सुरुवात करावी, नगरपालिका मागाहून.

कोर्टनाक्यावरचा वकील

शहापूरकरांशी मी सहमत आहे, मात्र नगरपालिका इतकी मागे टाकू नये. मूळ प्रश्नकर्त्यांसाठी क्रम असा आहे. १८५० चा सव्विसावा कायदा अखिल हिंदुस्थानचा होता आणि तो गावकऱ्यांनी मागणी केल्यावर लागू होत असे. त्यानंतर १८७३ चा जिल्हा नगरपालिका कायदा मुंबई मंडळाने केला. व्हाइसरॉय रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर १८८४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन लोकनियुक्त सभासदांना जागा मिळाली, आणि १९०१ मध्ये सगळे नव्याने बांधले गेले.

परंतु नित्याच्या कायदेकामाचा खरा नमुना मला मामलेदार कोर्ट कायद्यात दिसतो. १८६४, १८७६ आणि १९०६ असा तो तीनदा लिहिला गेला. प्रत्येक वेळी मधल्या काळात कोर्टांनी काढलेल्या अडचणी गोळा करून नवा मसुदा केलेला आहे. या कामात वक्तृत्व नाही, हे खरे, पण शेतावर जाण्याची वाट अडवली, पाण्याचा पाट वळवला, ताबा हिसकावला अशा तक्रारींचा निकाल दिवाणी दाव्याच्या खर्चाशिवाय तालुक्यातच लागावा, ही सोय त्यातून उभी राहिली. १९०६ चा तो कायदा आजही चालू आहे. तहसील कचेरीत कोणाही शेतकऱ्याला विचारा, रस्त्याचा अर्ज कलम पाच खाली करायचा, सहा महिन्यांच्या आत करायचा, हे त्याला पाठ असते. १८७९ ची जमीन महसूल संहिता १९६६ च्या नव्या संहितेने गेली आणि हा मात्र टिकून आहे.

आणखी एक सूचना करतो. अशा विधेयकांत कलम कितीही साधे असो, 'सरकार अधिसूचनेद्वारे' किंवा 'कलेक्टरास योग्य वाटेल त्याप्रमाणे' असे शब्द कोठे आहेत ते पाहावे. मंडळाने दहा मिनिटांत जे संमत केले, त्याच्या आधारे पुढे दहा वर्षे नियम निघत राहत, आणि ते नियम मंडळापुढे चर्चेला येतच नसत. म्हणून इतिवृत्ताइतकेच सरकारी गॅझेटही उघडावे.

घंटाळीचा अभ्यासक

वरच्या उत्तरांवरून सभागृह म्हणजे केवळ शिक्का मारण्याची जागा होती असे चित्र उभे राहते, ते मला पुरते मान्य नाही. १९०१ चे जमीन महसूल संहितेचे दुरुस्ती विधेयक पाहावे. दुष्काळानंतर सरकारजमा झालेल्या जमिनी पुन्हा देताना त्या विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्याला देऊ नये, अशी त्यात तरतूद होती. सावकाराच्या हाती जमीन जाऊ नये, हे सरकारचे कारण. जमीन सरकारची आणि शेतकरी कूळ ठरेल, हा विरोधकांचा आक्षेप. विधेयक लोकमतासाठी लांबणीवर टाकावे ही फिरोजशहा मेहता यांची सूचना फेटाळली गेली, तेव्हा ते उठून निघून गेले आणि त्यांच्यापाठोपाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह आणखी सदस्य बाहेर पडले. विधेयक अर्थातच संमत झाले. पण लोकांच्या तोंडी ते प्रकरण राहिले, आणि ते सभागृहात घडले म्हणूनच राहिले.

उलट बाजूही सांगतो. बिनसरकारी हिंदी सदस्य बोलला म्हणजे रयत बोलली असे धरून चालू नये. १८८० च्या खोती कायद्याच्या वेळी खोतांच्या, म्हणजे कोकणात गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, हक्कांची बाजू घेणारे विश्वनाथ नारायण मंडलिक स्वतः खोत घराण्यातले होते. कुळांची बाजू सभागृहात ठामपणे मांडली जायला फार काळ लागला. डॉ. आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मांडले.

नौपाड्याचा वाचक

आपणा सर्वांचा आभारी आहे. मोहवा कायद्याकडे माझे लक्ष गेलेच नव्हते. आता एकच विचारतो. कायद्याच्या मथळ्याजवळ एक तारीख असते, आणि इतिवृत्तातील संमत झाल्याची तारीख तिच्याशी जुळत नाही. टिपणात कोणती द्यावी?

वाशीचा निवृत्त कारकून

दोन्ही द्याव्यात. गव्हर्नर जनरलची अनुमती मिळाल्यावर कायदा मुंबई सरकारच्या गॅझेटमध्ये प्रथम प्रसिद्ध होत असे आणि तशी नोंद कायद्याच्या आरंभी छापत. दोन तारखांत अंतर फार पडलेले दिसले, तर कलकत्त्याने काही शंका काढल्या होत्या काय, हे पत्रव्यवहारात पाहावे. त्या काळचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहेत. विधी विभागाचे खंड वर्षवार लावलेले असतात, म्हणून मागणीपत्रात कायद्याच्या नावाआधी वर्ष लिहावे.