व्हॅनमध्ये कूलर नको, एक्झॉस्ट बसवा

उन्हाळ्यात व्हॅनमध्ये झोपणाऱ्यांना उकाड्यावर उपाय म्हणून कुणीतरी १२ व्होल्टचा कूलर बसवायला सुचवलंय. नागपुरात ठीक आहे. मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट हवेत पाण्याची वाफ नीट होतच नाही, उलट गादी ओलसर होते. त्यापेक्षा छताला हवा बाहेर फेकणारा पंखा लावा आणि झोपायच्या जागेजवळची एकच खिडकी चार बोटं उघडी ठेवा (डासांची जाळी हवीच). सगळ्या उघडल्या तर पंखा जवळच्या खिडकीतूनच हवा ओढतो, अंगावर झुळूक येत नाही. दिवसा सावलीकडची खिडकी, ऊन उतरलं की समुद्राकडची.

चंदेरी शीट काचेला बाहेरून लावा. आतून लावली तर काच तापून बरीच उष्णता आतच राहते.

२५ वॉटचा पंखा दहा तासांत २५० वॉट-तास खातो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत साधारण १,२०० असतात. घरगुती एक टनी एसी तीच बॅटरी तासा-दीड तासात झोपवेल.