आजोबांची जुनी गाडी मिळालीय, कमी पैशात सुरुवात कुठून करू?

नवाचालक: आजोबांची कार्ब्युरेटरवाली गाडी माझ्याकडे आलीय, बरीच वर्षं उभीच होती. कॉलेज चालू आहे, पार्टटाइम कामातून सुटेल तेवढंच बजेट. पेंट, अलॉय व्हील, म्युझिक सिस्टिम सगळंच करायचंय, पण आधी काय करू? आणि डायरेक्ट सेल्फ मारून बघू का?

जुनापाना: सेल्फ अजिबात मारू नकोस!! स्पार्क प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे आणि मग क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पान्याने हाताने फिरवून बघ, मोकळा फिरला तरच पुढचं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक, ते चिकट होऊन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरची बारीक भोकं, बुजवतं. टायमिंग बेल्ट (क्रँकच्या तालात व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा) असेल तर दिसायला चांगला असला तरी बदल, तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग खर्च आवाक्याबाहेर जातो.

पत्रावाला: पेंट सगळ्यात शेवटी रे. आधी कार्पेट उचलून फ्लोअर बघ, स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आत गेला तर वेल्डिंग लागणार, गंजावर नुसता रंग मारलास तर फुगून परत वर येतो.

नवाचालक: टायरची नक्षी भरपूर आहे, चालतील ना?

जुनापाना: नक्षीवर जाऊ नकोस. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे आकडे बघ, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, लगेच काढ. ब्रेक ऑइल पण पूर्ण बदल, ते हवेतलं पाणी ओढतं. अलॉयचे पैसे आधी इथे घाल.

पत्रावाला: आणि म्युझिक सिस्टिम बसवताना डॅशबोर्ड कापू नकोस प्लीज, आजोबांचा ओरिजिनल आहे तो.