फुटबॉल: विजय खेळाडूंचा की कोचचा? आठवतील ते सामने इथे टाका

गोदाकाठ
सकाळी नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर पोरांची कॉर्नरची प्रॅक्टिस चालली होती. गुडघाभर चिखल, आणि सर एकच ओरडत होते, "अरे पहिल्या पोलवर कोण?" जवळच्या गोलपोस्टपाशी कोणीच नव्हतं. मला एकदम २००४ ची युरो, युरोपातल्या देशांची स्पर्धा, आठवली. कोच ओटो रेहागेलचा ग्रीस. क्वार्टरला फ्रान्स, सेमीला चेक, फायनलला पोर्तुगाल, तिन्ही १-०, आणि तिन्ही गोल डोक्याने. त्यातले दोन कॉर्नरवर. चेकविरुद्ध एक्स्ट्रा टाइमचा पहिला हाफ संपता संपता डेलास बरोब्बर पहिल्या पोलवर आला. तेव्हा सिल्व्हर गोलचा नियम होता, एक्स्ट्रा टाइमच्या पहिल्या हाफअखेर जो पुढे तो जिंकला, त्यामुळे हाफ संपला तिथेच मॅचही संपली. फायनलला ५७व्या मिनिटाला बासिनासचा कॉर्नर, खारिस्तेआसचं हेडर.
तर असे विजय लिहा, ज्यात कोचचा हात उघड दिसतो. "आमच्या गल्लीत आम्ही" नको, डावपेच हवेत.

सातपूर_शिफ्ट
नेदरलँड्सचा कोच फान खाल, २०१४ वर्ल्ड कपची क्वार्टर, समोर कोस्टारिका. ०-० चालू आहे, १२० मिनिटं संपत आलीत आणि हा माणूस गोलकीपर बदलतो! सिलेसन बाहेर, टिम क्रुल आत. क्रुलला आधीच सांगून ठेवलं होतं, सिलेसनला पत्ताच नव्हता. क्रुलने पाचही पेनल्टींना दिशा बरोबर पकडली, दोन अडवल्या, ४-३.
मेख कुठे आहे सांगतो. तेव्हा बदल तीनच मिळायचे. तिसरा शेवटच्या मिनिटापर्यंत राखून ठेवायचा, म्हणजे मध्ये कोणाला क्रॅम्प आला तर दहा जणांनी ओढायचं. सेमीला अर्जेंटिनाविरुद्ध तिन्ही बदल आधीच संपले, सिलेसनच उभा राहिला आणि पेनल्टीवर २-४ हरले.

कुकरच्या_शिट्ट्या
दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीच्या आत लिहिते. सौदीचा कोच रेनार! वर्ल्ड कप, सौदी २ अर्जेंटिना १, २२ नोव्हेंबर २०२२. पहिल्याच हाफमध्ये अर्जेंटिना सात वेळा ऑफसाइड, तीन गोल रद्द. लोक म्हणाले नशीब. कसलं नशीब! ऑफसाइड ट्रॅप म्हणजे पास सुटताना समोरचा आपल्या शेवटच्या बॅकच्या मागे सापडेल असं करणं, नुसतं पुढे पळणं नव्हे. पास देणारा मान खाली घालून पाय मागे घेतो, त्या क्षणी मधल्या स्टॉपरने (डिफेंडरने) हाक द्यायची आणि चौघांनी एकदम वर सरकायचं. एक बॅक जरी पाऊलभर मागे रेंगाळला तरी समोरचे सगळे ऑनसाइड. आणि बॉलवाल्याच्या अंगावर कोणीतरी हवंच. त्याला मान वर करून बघायला वेळ मिळाला की ट्रॅप मेला

कुकरच्या_शिट्ट्या
झाली तिसरी. राहिलेलं: कीपर गोललाइनला चिकटून उभा राहिला तर हे जमत नाही. त्याने बॉक्सच्या तोंडाशी यायचं, मागे पडलेला बॉल त्याचा. आणि हाफनंतर ४८ आणि ५३व्या मिनिटाला दोन गोल. बास.

गोदाकाठ
ताई, वरण करपू देऊ नका 😄

आडगाव_नाका
१३ जुलै १९९७, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. फेडरेशन कपची सेमी, ईस्ट बंगाल ४ मोहन बागान १. एक लाख एकतीस हजारांवर पब्लिक. बागानला कोच अमल दत्ता, त्यांचा तो गाजलेला डायमंड, म्हणजे मधले चौघं हिऱ्याच्या आकारात. इकडे ईस्ट बंगालला पी. के. बॅनर्जी. दत्तांनी मॅचआधी ईस्ट बंगालच्या पोरांची टर उडवली होती, पीकेंनी तीच काडी पेटवून दिली. बायचुंगची हॅटट्रिक.
डायमंड वाईट नाही हो. पण मधले चौघं आत गोळा होतात, कडेची सगळी पट्टी एकट्या फुलबॅकची. तो वर गेला आणि तिथे बॉल सुटला की त्याच्या मागे मोकळं रान. झाकायला खालचा एकच हाफ. तो एका बाजूला ओढला गेला की दुसरी बाजू उघडी.

पंचवटी_एक्सप्रेस
आणि फायनलला साळगावकरकडून हरले, तेही लिहा की दादा. अर्धवट इतिहास सांगायची सवय तुमची.

आडगाव_नाका
सेमीच फायनल होती, बंगाल्याला विचारा.

गंजलेली_शिट्टी
भारताचे कोच रहीमसाहेब, त्यांना विसरलात? जकार्ता एशियन गेम्स, १९६२. पहिलीच मॅच कोरियाकडून ०-२. थायलंडच्या मॅचला जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. कोणीही त्याला बसवलं असतं. रहीमनी त्याला स्टॉपरचा सेंटर फॉरवर्ड केला! सेमीला दक्षिण व्हिएतनामवर त्याचा गोल, फायनलला पुन्हा कोरिया, १७व्या मिनिटाला पीके, २०व्याला जर्नेल. २-१, सुवर्णपदक. एक लाखाचं पब्लिक विरोधात, कॅन्सर अंगात, पुढच्या जूनमध्ये गेलेच. पीके दोन्हीकडे आहेत बघा, इथे खेळाडू, वर कोच.
त्यांची एक पद्धत आजही फुकटात करता येते. फक्त कच्च्या पायाने खेळायची टूर्नामेंट. चांगला पाय लागला की फाउल.

सिडकोकर
खालिद जमील. आयझॉल, २०१६-१७ आय-लीग. आदल्या सीझनला संघ खालच्या लीगमध्ये गेलेला, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतला. जमीलना मुंबई एफसीने सोडलेलं. येताना जयेश राणे, आशुतोष मेहताला घेऊन आले. शेवटून दुसऱ्या मॅचला मोहन बागान, ८३व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेचं हेडर, १-०. अखेर ३७ गुण, बागान ३६. जमील म्हणजे आधी मागे दार लावा, मग सेटपीस (कॉर्नर, फ्रीकिक). २०२५ ला भारताचे कोच झाल्यावर पहिलीच मॅच ताजिकिस्तान, त्यांच्याच घरी २-१. १३ मिनिटांत दोन गोल, अन्वर अली आणि झिंगन, दोघंही डिफेंडर. नंतर गुरप्रीतने पेनल्टी अडवली.

सातपूर_शिफ्ट
जमील महिंद्रा युनायटेडला खेळलेत. डेरिक परेरांनी त्याच महिंद्राला २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकून दिली. २०१० ला क्लबच बंद. आमच्याकडे नाशिकला महिंद्राच्या गाड्या निघतात, टीम मुंबईत होती, ती पण गेली.

पंचवटी_एक्सप्रेस
लिव्हरपूलच्या क्लॉपची २०१९ ची बार्सिलोनावरची ४-० कोणी लिहिणार का नाही? बार्सिलोनावाले बॉल बाहेर गेला की रेफ्रीशी हुज्जत घालतात, हे व्हिडिओत आधीच हेरलं होतं. बॉलबॉयना ताकीद, बॉल लगेच द्यायचा. ७९व्या मिनिटाला ट्रेंट कॉर्नर सोडून निघाल्यासारखं करतो, वळून मारतो, ओरिगी एकटा.

गंजलेली_शिट्टी
गोदाकाठ, त्या सरांना सांगा, ओल्या बॉलवर आत वळणारा कॉर्नर मारून घ्या. कीपरच्या हातून निसटतो, सांडलेल्या बॉलवर एक पोरगा फक्त ठेवा. आणि सुका बॉल पिशवीत वेगळा ठेवण्यात अर्थ नाही, दोन मिनिटांत तोही जड होतो.

गोदाकाठ
सांगतो. पण उद्या प्रॅक्टिस आहे कुठे? गंगापूर धरणातून पाणी सोडतायत.

कुकरच्या_शिट्ट्या
गोदेच्या पुराची खूण म्हणजे दुतोंड्या मारुती, त्याच्या कुठपर्यंत पाणी आलंय?

आडगाव_नाका
गुडघ्याला म्हणतायत. द्वारका चौकात आत्ताच जॅम आहे, येऊ नका इकडे.